खिडकीजवळची फिकट जागा

१

लाकडी फरशीला पाणी सोसत नाही. हे मी घरात येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, म्हणून नवरा म्हणतो की आमच्याकडे पाहुण्याला पाण्याऐवजी पाण्यावरचं भाषण मिळतं. म्हणू दे. सहा वर्षांपूर्वी हे घर घेतलं तेव्हा उन्हाच्या खोलीत आम्ही नवी कोरी लाकडी फरशी बसवून घेतली, आणि तेव्हापासून तिला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. सकाळी आधी सुका मॉप, पट्ट्यांच्या लांबीने, आडवा कधीच नाही. मग फडकं, भिजवून इतकं पिळलेलं की पुन्हा पिळलं तर थेंब निघता कामा नये. त्याच्या मागोमाग कोरडं फडकं. सुरुवात खिडकीपाशी, आणि मागे सरकत सरकत दारापर्यंत. खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या. चपला बाहेर.

"तुझ्या घरी तरंगत यायचं का गं?" असं ताईने एकदा विचारलं होतं. मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

चार महिन्यांपूर्वी याच खोलीत आई पडली. ती आमच्याकडेच राहते, ही खोली तिचीच. त्या सकाळी मी फरशीला मेण लावत होते. तेल दिलेल्या लाकडाला मेण लावू नये हे मला पक्कं ठाऊक होतं, पण दोन दिवसांनी नवऱ्याच्या शाळेतली मंडळी जेवायला येणार होती आणि मला चकाकी हवी होती. आईचं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी विचारलं, "फरशी निसरडी होती का?" मी "नाही" म्हणाले. आणि त्याच आठवड्यात, आई दवाखान्यात असताना, घरी येऊन गुडघ्यांवर बसून सगळं मेण घासून काढलं. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

ऑपरेशननंतर आई ताईकडे होती, कारण तिच्याकडे लिफ्ट आहे आणि मला दिवसभर दवाखान्यातल्या नोंदणीच्या टेबलावर बसावं लागतं. आता ताईची बदली झाली. पुढच्या रविवारी आई परत येणार होती, वॉकर घेऊन. डॉक्टरांनी एकच गोष्ट चार वेळा बजावली होती: पुन्हा पडता कामा नये. पुन्हा पडल्या तर उठणार नाहीत.

माझ्या हातात आठ दिवस होते. खोली रिकामी करायची, गालिचा काढून टाकायचा, फरशीला पाय धरेल असं साधं तेल द्यायचं. या वेळी मी चूक करणार नव्हते.

२

शनिवारी आम्ही दोघांनी सगळं सामान बाहेर काढलं. पलंग, कपाट, ब्लँकेटांची पेटी, आरामखुर्ची, गालिचा. नवरा शाळेत चित्रकला शिकवतो आणि काम कमी, निरीक्षण जास्त असा त्याचा खाक्या आहे. गालिचा गुंडाळून तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बघ, सगळं उचललं तरी सगळं इथेच आहे."

खरंच होतं ते. आमचं लाकूड उन्हाने गडद होतं. बसवलं तेव्हा कोऱ्या पेन्सिलीसारखं होतं, आता कडक चहाच्या रंगावर गेलंय. जिथे सामान होतं तिथे मात्र मूळचा रंग राहिला होता. कपाटाचा लांब चौकोन, पेटीचा आखूड चौकोन, गालिच्याचा भलामोठा आयत, आरामखुर्चीचे चार ठिपके. मी एकेकावर बोट ठेवून मनात नाव घेत गेले.

एक उरला.

खिडकी आणि पलंग यांच्या बरोबर मध्ये, गालिच्याच्या कडेपासून हातभर लांब. उशीएवढा, एका बाजूला किंचित निमुळता. कड अगदी स्वच्छ.

"इथे काय होतं?" मी विचारलं.

"कुंडी असेल."

"लाकडी फरशीवर कुंडी? मी? शुद्धीत आहेस ना?"

"मग तुझ्या भाषणाचा स्टँड असेल," असं म्हणून तो चहा टाकायला गेला.

मला चैन पडेना. ताईला फोन केला, तिलाही काही आठवेना. मग मी फोनमधले सहा वर्षांचे फोटो काढून बसले. या खोलीतले चाळीसेक तरी होते. एकातही त्या जागेवर काही नव्हतं. नुसती मोकळी फरशी. नवऱ्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा एक फोटो आहे, अकरा माणसं दाटीवाटीने डावीकडे उभी. ताईचे यजमान तर अर्धे फोटोबाहेर गेलेत. आणि उजवीकडे, खिडकीच्या बाजूला, दोन माणसं आरामात मावतील एवढी मोकळी जागा. ऊन डोळ्यांवर येत असणार, मी स्वतःला सांगितलं. मग सगळ्यांच्या तोंडावर एकसारखा ढगाळ उजेड आहे हे दिसलं, आणि मी फोन पालथा ठेवला.

३

रविवारी पॉलिशवाले काका आले. फरशी बसवली तीही त्यांनीच. मापात बोलणारा माणूस. त्यांनी चष्मा वर सरकवला, गुडघे टेकले आणि बोटाला थुंकी लावून त्या जागेवर फिरवली. मी दात ओठ खात गप्प राहिले.

"हा डाग नाही, वहिनी."

"मग काय आहे?"

"पाण्याचा डाग काळा पडतो. औषधबिषध सांडलं तर हाताला खरखर लागते. हे लाकूड चांगलं आहे. याला नुसतं ऊन लागलेलं नाही."

"काका, खिडकी समोर आहे. दिवसभर ऊनच असतं तिथे."

"ते दिसतंय मला. म्हणूनच म्हणतो, वर काहीतरी होतं."

"काही नव्हतं."

"मग कुणी बसत असेल." ते हसले. मीही हसले. "पण नेमाने बसत असेल हो. फरशी बसवली त्या दिवसापासून. रंग बघा, अजून कोरा आहे."

मशीनने सगळी फरशी घासून काढली तर रंग एकसारखा होईल, पण त्याला दहा-बारा दिवस लागणार आणि घरभर धूळ. त्यापेक्षा सोपं काम त्यांनी सुचवलं. बाकीच्या फरशीवर जाड खाकी कागद अंथरायचा, तेवढी फिकट जागा उघडी ठेवायची. आठ दिवसांत ऊन आपलं काम करतं, फरक नजरेत येत नाही. तेल कसं द्यायचं तेही नीट समजावलं: पातळ हात, पाव तासाने जास्तीचं पुसून घ्यायचं, खिडक्या उघड्या. हवा लागली पाहिजे. जिथे हवा लागत नाही तिथे तेल चिकट राहतं.

मग त्यांनी टेप गुंडाळली आणि निघाले. खोली पूर्ण रिकामी होती. दार समोर होतं, सरळ चालत गेलं तर आठ पावलं. काका खिडकीकडून भिंतीला लागून, कोपऱ्यातून वळसा घालून दाराकडे गेले. त्यांचं त्यांना कळलंही नसावं.

माझ्या मनात पाल चुकचुकली. लाकडाची काळजी घेणारा माणूस आहे, मी म्हटलं, पाय पडू नये म्हणून गेला असेल. पण मग भिंतीलगतच्या फरशीवर तरी त्याचे पाय पडलेच की.

४

कागद मी स्वतः अंथरला, चिकटपट्टीने सांधे जोडले, आणि त्या जागेच्या आकाराची खिडकी कात्रीने कापली. मला अर्धवट काम जमत नाही, म्हणून जिथे कपाट होतं तिथेही कागदाला हातभर दुसरं भोक पाडलं. तीही फिकट, हीही फिकट, ऊन दोन्हीकडे. दोघींची शर्यत लावून दिली. नवरा म्हणाला, "शास्त्रज्ञ झालीस." मला बरं वाटलं. मोजता येणाऱ्या गोष्टीची भीती वाटत नाही.

मंगळवारी कपाटाजवळची जागा किंचित पिवळसर झाली. बुधवारी नवऱ्याने त्याच्या रंगांच्या पट्ट्या आणून लावल्या आणि दोन छटा पुढे गेली म्हणून जाहीर केलं. खिडकीजवळची जागा होती तिथेच होती.

"तिथे काकांनी बसवताना काहीतरी वेगळं लावलं असेल," तो म्हणाला. "ऊन आत जात नसेल."

हे पटण्यासारखं होतं. मी पटवून घेतलंही. तरी गुरुवारी मी दवाखान्यात डोकं दुखतंय म्हणून कळवलं आणि सकाळी आठ वाजता त्या खोलीच्या दारात पाटावर बसले. हातांना काही काम हवं म्हणून फडक्यांच्या घड्या घालत होते. कुणी तिथे येऊन काही ठेवत असेल, वाऱ्याने पडदा येत असेल, समोरच्या इमारतीची सावली पडत असेल, यांपैकी एक तरी दिसायला हवं होतं.

काहीच दिसलं नाही. नऊला ऊन खिडकीतून उतरलं, कागदावर पसरलं, त्या जागेवर आलं. लख्ख ऊन. त्यात धुळीचे कण तरंगत होते. मी एक तास बघितलं, दोन तास बघितलं. फडक्यांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. रस्त्यावर कुणीतरी ट्रकमधून लोखंडी पाइप उतरवत होतं, त्याचे आवाज मोजले. अकराच्या सुमाराला असं वाटलं की धुळीचे कण खोलीभर आहेत आणि तेवढ्या एका ठिकाणी नाहीत. डोळे चोळले. ऊन बघून बघून कुणाचेही डोळे दिपतील.

मग मी उठले, तिथे गेले आणि कागदावर हात ठेवला. कागद चांगलाच तापला होता. कपाटाजवळच्या उघड्या लाकडावर ठेवला, तेही गरम. शेवटी त्या जागेवर ठेवला.

लाकूड गार होतं. उन्हात होतं आणि गार होतं. मी हात झटकन मागे घेतला, आणि घेताना मला स्वतःचाच राग आला, कारण हात मागे घेण्याआधी मी तोंडाने "सॉरी" म्हणाले होते.

५

संध्याकाळी मी आईला फोन केला. चार महिन्यांत जो प्रश्न विचारायची मला हिंमत झाली नव्हती तो विचारला.

"आई, तू त्या दिवशी नक्की कुठे पडलीस?"

"आता काय त्याचं? येतेय ना मी रविवारी."

"सांग ना."

"खिडकीच्या अलीकडे. पलंगाकडून येताना."

"मेणावरून पाय घसरला ना तुझा?" माझा आवाज फाटला. चार महिने दाबलेलं एका वाक्यात बाहेर आलं. "माझ्यामुळे पडलीस तू. मी मेण लावलं होतं. डॉक्टरांना खोटं सांगितलं मी."

"अगं छोटी, रडतेस कशाला? घसरले नाही मी. तुला अँब्युलन्समध्येच सांगितलं होतं."

सांगितलं होतं. मला आठवत होतं. माझं मन राखायला म्हणतेय असं मी धरून चालले होते.

"मग?"

"धडकले."

"कशाला?"

 मागे ताईच्या घरातला मिक्सर चालू होता. "मी रोज बाजूनेच जायचे गं, भिंतीकडून," ती म्हणाली. "सवयच होती. त्या दिवशी तूच ओरडलीस, कडेने येऊ नको, मेण ओलं आहे, सरळ मधून ये. म्हणून मधून आले. गुडघ्याला लागलं."

"काय लागलं?"

"मला काय माहीत? मऊ होतं." आणि मग, कुणाची तरी बाजू घ्यावी तशी ती म्हणाली, "त्याचा दोष नाही. मीच अंगावर गेले ना."

फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ स्वयंपाकघरात उभी होते. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. मेणाने नाही पडली. चार महिने छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलला. आणि याच गोष्टीमुळे माझा स्वतःवरचा विश्वास उडाला. जिला सुटायचं आहे ती बाई काय वाटेल त्यावर विश्वास ठेवेल. सत्तरी ओलांडलेली आई, भूल, औषधं, आणि मुलीला दोषी ठरवायचं नाही म्हणून सांगितलेली गोष्ट. डोकं हेच म्हणत होतं. पण "सरळ मधून ये" असं मीच ओरडले होते, ते शब्द मला जसेच्या तसे आठवत होते. आईला तिथे पाठवलं मीच होतं.

६

शुक्रवारी सकाळी मी उपाय काढला. आता मागे वळून बघते तेव्हा कपाळाला हात लावावासा वाटतो, पण त्या वेळी मला तो फार शहाणपणाचा वाटला होता.

ब्लँकेटांची पेटी. जड, रुंद, चारही बाजूंनी फरशीला टेकलेली. ती त्या जागेवर ठेवून द्यायची. डाग झाकला जाईल, आई तिथून चालणार नाही, आणि तिथे जे काही असेल किंवा नसेल त्याला बसायला जागाच राहणार नाही. हे शेवटचं मी नवऱ्याला सांगितलं नाही. त्याला एवढंच म्हणाले की डाग वाईट दिसतो.

"पाच दिवस कागद लावून शेवटी पेटी?" तो म्हणाला. "हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

"सांगितलं का नाहीस मग?"

"मला कोण विचारतं?"

पेटीखाली फेल्ट लावून आम्ही ती सरकवत नेली. जागेवर आली तेव्हा ती शेवटचं वीतभर जाईना. नवऱ्याने जोर लावला, मी जोर लावला. फेल्ट अडकलं असेल म्हणून तो वाकून बघायला लागला, आणि तेवढ्यात पेटी आपसूक पुढे गेली. काहीतरी बाजूला झाल्यावर जाते तशी. तो पडता पडता वाचला आणि मोठ्याने हसला.

माझा जीव भांड्यात पडला. कितीतरी दिवसांनी मी रात्री जेवून गाढ झोपले.

७

शनिवारी सकाळी कागद काढले आणि तेल दिलं. काकांनी सांगितलं होतं तसं, पातळ हात, पट्ट्यांच्या लांबीने, खिडकीकडून मागे मागे दारापर्यंत. पाव तासाने जास्तीचं पुसून घेतलं. खोलीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या, दार ओढून घेतलं. नवरा शाळेत गेला होता. चार वाजेपर्यंत कुणी आत गेलं नाही, हे मी शपथेवर सांगते, कारण मी दारासमोर बसूनच दुपार काढली.

चार वाजता मोजे घालून आत गेले. तेल सुंदर बसलं होतं. चकाकी नाही, पाय धरणारा खरखरीतपणा होता. मी दर दोन पावलांवर वाकून तळहात टेकत गेले. सुकं. सुकं. पेटीच्या भोवती सुकं. भिंतीकडे सुकं. आईला इथे चालताना काही होणार नाही, असं मी मोठ्याने म्हणाले. पलंग दुसऱ्या दिवशी सकाळी आत यायचा होता, त्याच्या जागेवर मी खडूने चार बारीक खुणा करून ठेवल्या होत्या. त्या खुणांपाशी आले आणि तळहात टेकला.

हात चिकटला.

उशीएवढी जागा. एका बाजूला किंचित निमुळती. आजूबाजूचं तेल ठणठणीत कोरडं, आणि तेवढीच जागा सकाळी पुसली तशी ओलसर, चिकट. हवा लागली नव्हती तिला. खडूच्या खुणांपासून वीतभर अंतरावर. सकाळी उठून आई पलंगावरून पाय खाली सोडेल, ते जिथे टेकतील तिथे.

मी काय केलं ते लिहायला लाज वाटते. एकटीने पेटी ओढून काढली. नव्या तेलावर ओरखडे उठले, पट्ट्यांना आडवे, आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही. जुनी जागा मोकळी केली, आणि दाराशी उभी राहून म्हणाले, "घ्या. घ्या तुमची जागा परत. चुकलं माझं." रिकाम्या खोलीला अहोजाहो करत होते मी.

मग ताईला फोन लावला. "आईला अजून चार-आठ दिवस ठेवून घे. फरशी पूर्ण सुकली नाहीये."

ताईचा आवाज थंड झाला. "माझं घर बांधून झालंय, सोमवारी ट्रक येतोय. आणि तुझ्या त्या फरशीपायी एकदा झालं ते पुरे नाही का? आता पुन्हा फरशीच आड येतेय?"

मी रविवारची वेळ विचारून फोन ठेवला.

८

रविवारी आई आली. तिने वॉकर दारात टेकला, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाली, "छान केलीस गं." वॉकरच्या रबरी टोकांचे डाग लाकडावर पडतात. पडू देत, मी म्हटलं. ती एक एक पाऊल टाकत पलंगाकडे निघाली आणि मी तिच्या मागे हात पसरून चालले.

पलंगाच्या दोन हात अलीकडे ती थांबली. दमली असेल असं मला वाटलं. पण ती दमलेली दिसत नव्हती. कुणीतरी उठून जागा करून देईपर्यंत आपण उभे राहतो तशी उभी होती. मग तिने मान हलवली आणि पुढे जाऊन पलंगावर बसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"कुठे काय?"

सोमवार ते बुधवार मी सुट्टी घेतली. तिला न्हाणीघरात नेणं, व्यायाम करून घेणं, औषधं. तिची प्रगती उत्तम होती. जास्तच उत्तम होती. मंगळवारी तर तिने चहाचा कप स्वतः खिडकीत नेऊन ठेवलेला मला सापडला. दोन्ही हात वॉकरवर असताना कप कुठल्या हाताने नेला, ते तिला सांगता आलं नाही. मी दिवसातून चार वेळा फरशीवर हात फिरवत होते. जुनी जागा उन्हात तापायला लागली होती. पलंगाजवळची जागा सुकली होती. म्हणजे इथेही नाही आणि तिथेही नाही. मला आनंद व्हायला हवा होता. उलट पायाला भिंगरी लागल्यासारखी मी घरभर फिरत होते, गारवा शोधत, अनवाणी.

बुधवारी सकाळी दहा वाजता मी स्वयंपाकघरात फडकं पिळत होते आणि उन्हाच्या खोलीतून पावलं ऐकू आली. आईची पावलं, सावकाश, एकसारखी. त्यांच्यामध्ये वॉकरची टकटक नव्हती.

मी धावले आणि दारातच थांबले.

वॉकर पलंगाजवळ होता. आई खोलीच्या मध्यावर होती आणि माझ्याकडे चालत येत होती. उजवा हात कोपरात वाकवलेला, कुणाच्या तरी हातात हात घालावा तसा. ती उजवीकडे कललेली होती. थोडीशी नाही. माणूस एवढा कलला तर पडतोच, तो पडल्याशिवाय राहू शकत नाही, आणि ती पडत नव्हती. तिच्या खांद्याचं कापड एका जागी दाबलं गेलं होतं. उन्हात तिची सावली फरशीवर पडली होती, आणि सावलीच्या उजव्या बाजूला लाकडावरचं ऊन मळकट दिसत होतं.

ओरडणं ओठांवर आलं होतं. पण मी ओरडले आणि ते दचकलं तर? त्याने हात सोडला तर? पुन्हा पडल्या तर उठणार नाहीत. मी दाराची चौकट धरून उभी राहिले आणि श्वाससुद्धा जपून घेतला. ती आठ पावलं होती. मी मोजली.

आई माझ्यापुढे येऊन थांबली. चेहरा आनंदी होता, गालांवर रंग होता. इतकी ताजीतवानी मी तिला वर्षभरात पाहिली नव्हती.

"बाजूला हो गं छोटी," ती म्हणाली. "आम्हाला जाऊ दे."

"कुठे?"

तिने उजवीकडे पाहिलं, विचारावं तसं. उत्तर ऐकलं. मग माझ्याकडे वळून नुसती हसली.

मी बाजूला झाले नाही. मी तिचा डावा हात धरला, दोन्ही हातांनी, दंडापासून. तिचं वजन माझ्याकडे येईल अशा तयारीने पाय रोवले. वजन आलंच नाही. तिचा हात रिकाम्या बाहीसारखा हलका होता, तिचं सगळं वजन पलीकडे होतं, आणि पलीकडून हलकेच, अगदी सभ्यपणे, तिला पुढे ओढलं जात होतं. मी हात सोडला तर आई पडणार नाही, हे मला त्या क्षणी पक्कं कळलं. म्हणूनच मी तो सोडला नाही.